दोन घरचा पाहुणा

डेटाशीटचं पहिलं पान हे लग्नाच्या बायोडेटासारखं असतं. त्यात खोटं काही नसतं. उंची, शिक्षण, पगार, सगळं खरं. पण ज्यावरून पुढे भांडणं होतात ते त्यात नसतं. ते कुठेतरी चौदाव्या पानावर, तक्त्याच्या खाली, बारीक अक्षरातल्या तळटीपेत असतं आणि तोवर आपण होकार कळवून मोकळे झालेलो असतो.

आजचा विषय आहे लेव्हल-शिफ्टिंग बस बफर नावाच्या चिपा आणि त्यांना लागणारा सप्लाय. घाबरू नका, गणित चौथीच्या पुढे जाणार नाही. एका बोर्डवर एक चिप ५ व्होल्टवर चालते, दुसरी ३.३ वर, तिसरी १.८ वर. तिघींना एकमेकींशी बोलायचं असतं. ५ व्होल्टवालीचा आवाज मोठा, १.८ वालीचा बारीक. मोठ्या आवाजाने नाजूक कानाचे पडदे फाटतात आणि बारीक आवाज दुसरीला धड ऐकू येत नाही. म्हणून मधे एक दुभाषा बसवावा लागतो. इकडच्या तारांवर जे चाललंय ते तिकडच्या तारांवर, तिकडच्या व्होल्टेजमध्ये म्हणून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. चिप असते चिल्लर किमतीची. स्किमॅटिकमध्ये ती सगळ्यात शेवटी येते, बहुतेक वेळा टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातून. ‘अरे, इथे एक लेव्हल शिफ्टर टाकून दे’ असं कुणीतरी जाता जाता सांगतो आणि ती टाकून दिली जाते.

माझं म्हणणं असं आहे की ‘या चिपला किती व्होल्ट लागतात?’ हा प्रश्नच अपुरा आहे. नेहमीच्या चिपेला एक सप्लाय, एक उत्तर. इथे जेवण दोन घरांतून येतं. त्यामुळे खरा प्रश्न त्या दोन घरांच्या आपसातल्या संबंधांचा आहे: मोठं कोण, आधी कोण उठतं, आणि एका घराला कुलूप असेल तेव्हा पाहुण्याने काय करायचं. ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण ज्याने केली त्याला ड्युएल-सप्लाय चिपा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण वर्णन चोख आहे.

मुळात ही बहुभाषिक वस्ती झाली कशी? १९६०च्या दशकात टीटीएल चिपा आल्या, त्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ७४०० मालिका इतकी चालली की ५ व्होल्ट म्हणजे डिजिटल असं समीकरणच झालं. पुढे ट्रान्झिस्टर लहान होत गेले, त्यांच्या गेटखालचा ऑक्साइडचा थर पातळ होत गेला आणि त्याला ५ व्होल्ट झेपेनात. मग ३.३, मग २.५, १.८, १.२. नवे आले म्हणून जुने मात्र गेले नाहीत. कारखान्यातले सेन्सर, अक्षरी एलसीडी, एलईडीच्या पट्ट्या ५ व्होल्टवर ठाण मांडून बसलेल्या आहेत, आणि बरेच सेल्युलर मॉडेम १.८ व्होल्टखेरीज दुसरी भाषा बोलत नाहीत. एकत्र कुटुंबात पणजोबा आणि पणतू एकाच पंगतीला बसावेत तसं हे.

आता ‘ऐकू येणं’ म्हणजे काय ते बघू. टीटीएलच्या नियमाने ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक. नेहमीच्या सीमॉस चिपा मात्र सप्लायच्या टक्क्यांत बोलतात. साधारण ३० टक्क्यांखाली शून्य, ७० टक्क्यांवर एक. म्हणजे ५ व्होल्टवरच्या सीमॉस चिपला ‘एक’ कळायला ३.५ व्होल्ट लागतात. समोरची चिप ३.३ वर चालत असेल तर ती कितीही ओरडली तरी ३.३ च्या वर जाणार नाही. कागदावर हे जमतच नाही.

पण टेबलावर चालतं! गंमत इथेच आहे. प्रत्यक्षातला उंबरठा सप्लायच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे अडीच व्होल्टजवळ असतो. ३.५ ही खात्रीची मर्यादा आहे. सगळ्या तापमानांना, प्रत्येक बॅचमधल्या प्रत्येक चिपला लागू पडणारी. त्यामुळे प्रयोगशाळेत, एअर कंडिशनरखाली, एका बोर्डवर ३.३ व्होल्टचा सिग्नल थेट ५ व्होल्टच्या चिपेत घातला की ती मुकाट्याने काम करते, आणि करणारा म्हणतो, ‘बघा, लेव्हल शिफ्टर लागतच नाही.’ मग सप्लाय ५.५ ला जातो (१० टक्के सवलत धरलेली असते), ७० टक्के म्हणजे ३.८५ होतात, इकडचा ३.३ चा सप्लाय ३.० वर उतरतो आणि हजारातले काही बोर्ड अधूनमधून बहिरे होतात. अधूनमधून बहिरा होणारा बोर्ड हा पूर्ण मेलेल्या बोर्डापेक्षा दहापट महाग पडतो, हे ज्याने सर्व्हिसचं काम केलंय त्याला सांगायला नको.

याचं घरगुती उदाहरण द्यायचं तर गणपतीच्या मखराला लावतात त्या रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्यांचं देता येईल. डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या. इथल्या महाराष्ट्र मंडळांत आता दर दोन इंजिनिअरांमागे एक जण ती पट्टी ३.३ व्होल्टच्या वायफाय बोर्डला जोडून बसलेला असतो. पट्टीला सप्लाय ५ व्होल्टचा आणि तिच्या अनेक डेटाशीटांत डेटा लायनीला सप्लायच्या ७० टक्के मागितलेले. म्हणजे पुन्हा तेच साडेतीन. आदल्या रात्री सगळं झकास, आरतीच्या वेळी पट्टी भलतेच रंग दाखवते. इंटरनेटवर यावर एक भारी जुगाड फिरतो: पहिल्या एलईडीचा सप्लाय एका साध्या डायोडमधून द्यायचा. डायोडमध्ये ०.७ व्होल्ट पडतात, पहिल्या एलईडीला ४.३ मिळतात, त्याचे ७० टक्के होतात ३.०१. आता ३.३ त्याला नीट ऐकू येतात. आणि तो पुढच्याला सिग्नल देतो ४.३ चा, जो साडेतीनच्या वर आहे. एक एलईडी फुकटात दुभाषा झाला! जुगाड म्हणून मला हा आवडतो, कारण त्यात सिग्नलला हात न लावता सप्लाय हलवलाय. ज्याने तो काढला त्याला विषय कळला होता.

शहाणा मार्ग म्हणजे ७४एचसीटी मालिकेतला बफर. ही सीमॉसच, पण कान टीटीएलचे, २ व्होल्टला ‘एक’ ओळखणारे. तिला ५ व्होल्ट द्या, ३.३ चा सिग्नल घाला, बाहेर ५ चा मिळेल. मात्र एचसीटीचा सप्लाय ४.५ ते ५.५ एवढाच. तिलाच ३.३ वर चालवून उलटं काम करून घेऊ म्हणाल तर ते तिच्या करारात नाही. उलट दिशेला, ५ कडून ३.३ कडे यायचं तर एलव्हीसी मालिकेतला बफर घ्यायचा, त्याला ३.३ द्यायचे. त्याच्या इनपुटला ५.५ व्होल्टपर्यंत सोसतं. दोन्हीकडे सूत्र एकच: माल जिथे पोचवायचा तिथला सप्लाय. एका दिशेचं काम असेल तर एवढ्यावर भागतं आणि दुसरं घर चित्रातच येत नाही. म्हणून मी नेहमी आधी विचारतो, की बाबांनो, या तारेवर दोन्ही दिशांनी बोलणं आहे का? निम्म्या वेळा उत्तर ‘नाही’ असतं आणि दोन सप्लायची चिप उगाच बसवलेली असते.

दोन्ही दिशांनी बोलणं असेल तर मात्र दोन घरं आलीच. जुन्या पद्धतीची ७४एलव्हीसी४२४५ए घ्या. हिचं सगळं ठरलेलं. ए बाजूला ५ (४.५ ते ५.५), बी बाजूला ३.३ (२.७ ते ३.६). उलटं चालणार नाही. नियम कडक पण स्पष्ट, जुन्या शाळामास्तरांसारखे. नंतरची ७४एलव्हीसी८टी२४५ मोकळ्या विचारांची. दोन्ही बाजूंना १.६५ ते ५.५ मधलं काहीही द्या, ए मोठं की बी मोठं याचं तिला सोयरसुतक नाही. वर, दोहोंपैकी एक सप्लाय शून्यावर असेल तर ती सगळे आउटपुट सोडून गप्प बसते. चांगल्या दुभाष्याचं हेच लक्षण. एक पक्ष खोलीत नसेल तर तो स्वतःच्या मनाने काही बोलत नाही.

मग सगळीकडे हीच का नाही बसवायची? बसवा की. मी तेच सांगतो. पण तिच्याही बायोडेट्याखाली तळटीपा आहेत. पहिली, दिशा ठरवणारी आणि चिप चालू-बंद करणारी अशा दोन्ही पिना ए बाजूच्या सप्लायशी बांधलेल्या. म्हणजे तिला हुकूम देणारा प्रोसेसर ए बाजूलाच हवा. प्रोसेसर बी बाजूला ठेवून हुकूम तिकडून पाठवणारी स्किमॅटिक मी पाहिलेली आहेत. १.८ चा हुकूम ५ व्होल्टच्या कानाला. दुभाष्याचं भाषांतर उत्तम, पण ‘आता बोल’ हे त्याला ज्या भाषेत सांगितलं ती त्याला येत नव्हती! दुसरी तळटीप म्हणजे १.६५ वर चालते आणि ५ वर चालते यात ‘चालते’ हा शब्द दोनदा आला तरी अर्थ एक नाही. ५ व्होल्टच्या बाजूला ती ३२ मिलिअँपियर पेलते, १.६५ च्या बाजूला फक्त ४. तिच्याच धाकट्या बहिणीच्या, एलव्हीसी१टी४५ च्या पहिल्या पानावर ४२० मेगाबिटचा आकडा मिरवतो. तो ३.३ कडून ५ कडे जाताना. १.८ कडे भाषांतर करायचं तर तोच आकडा ७५ वर येतो. हे चक्क लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘सप्लाय शून्यावर असेल तर गप्प बसते’ यातलं ‘शून्यावर’. बंद केलेला सप्लाय शून्यावर असतोच असं नाही. स्विच उघडला की तो अधांतरी लोंबकळतो आणि इकडून तिकडून गळणाऱ्या करंटने पाऊण-एक व्होल्टवर जाऊन बसतो. तो मेलेला नाही आणि जिवंतही नाही. अशा घराबद्दल डेटाशीट कसलीही हमी देत नाही. म्हणून लोड स्विच घेताना बंद झाल्यावर आउटपुट जमिनीला टेकवणारा घ्यावा. थोडेसेच पैसे जास्त जातात.

आता आय-स्क्वेअर-सीकडे वळतो, कारण खरा घोळ तिथे आहे. फिलिप्सने १९८२ साली काढलेली ही दोन तारांची बस. एका तारेवर सगळे जण बोलतात, कुणीच तार वर ढकलत नाही, सगळे फक्त खाली ओढतात आणि वर न्यायचं काम पुल-अप रेझिस्टर करतो. त्यामुळे आता कोणत्या दिशेने बोलणं चाललंय हे सांगणारी पिनच नाही. दुभाष्याने दोघांच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. हे करणाऱ्या चिपांचे प्रकार पुष्कळ आणि प्रत्येकीची सप्लायची अट वेगळी.

पीसीए९५१७ घ्या. ए बाजूला ०.९ ते ५.५, बी बाजूला २.७ ते ५.५. वाचणाऱ्याला वाटतं, दोन सारख्याच बाजू, एकीची मर्यादा जरा खालपर्यंत. तसं नाहीये. सगळी चिप जेवते बी बाजूच्या घरी. ए बाजूचा सप्लाय तिला फक्त ‘तिकडे एक म्हणजे किती’ हे मोजायला आणि तिकडचं घर जागं आहे का ते बघायला लागतो. म्हणून १.८ चा प्रोसेसर ए कडेच हवा. उलटं लावलं तर तिचं जेवण १.८ वर येतं आणि तिला २.७ हवेत. शिवाय बी बाजूचं ‘शून्य’ मुद्दाम अर्ध्या व्होल्टच्या आसपास ठेवलेलं असतं, आपलाच आवाज आपल्याला ऐकू येऊन चिप अडकून पडू नये म्हणून. त्यामुळे दोन चिपांच्या बी बाजू एकमेकींना जोडता येत नाहीत.

पीसीए९५०९ ची अट आणखी मजेदार. बी बाजूला ३.० ते ५.५ आणि ए बाजूचा सप्लाय बी पेक्षा निदान एक व्होल्टने कमी. हे वाक्य दोनदा वाचा. इथे मर्यादा आकड्यात दिलेली नाही, फरकात दिलेली आहे. बी ला ३.३ असतील तर ए ला जास्तीत जास्त २.३. म्हणजे ३.३ आणि २.५ यांच्यामध्ये ही चिप बसवता येत नाही, जरी दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर साळसूद वाटले तरी. त्यात ३.३ चा सप्लाय पाच टक्के घसरू शकतो हे धरलं की तो ३.१३५ होतो आणि ए ची कमाल मर्यादा २.१३५. १.८ चालतील. तेवढेच.

पीसीए९३०६ मध्ये तर बफर असा काही नाहीच, नुसता एक ट्रान्झिस्टर आहे तारेच्या मधोमध. पण लोक तिलाही त्याच कपाटात ठेवतात म्हणून सांगतो. तिला सप्लायची अशी पिन नाही, दोन संदर्भ व्होल्टेजं आहेत, आणि मोठं हे लहानापेक्षा निदान ०.६ ने मोठं हवं. कारण साधं आहे. आतल्या ट्रान्झिस्टरचं गेट लहान व्होल्टेजच्या वर एक पायरी जाऊन स्थिरावतं. ती पायरी चढायला वरून जागाच नसेल तर गेट चढणार कुठे? मोठ्या बाजूकडून २०० किलोओहमचा रेझिस्टर लावायला सांगतात तोही त्याचसाठी. गेटला स्वतःची उंची स्वतः शोधू द्यायची, वरून दाबून धरायची नाही.

टीएक्सबी०१०८ सारख्या ‘आपोआप दिशा ओळखणाऱ्या’ चिपांवर माझा जरा रागच आहे. त्यांची अट, ए कधीही बी पेक्षा मोठं नको. ठीक. दोन्हीकडे ३.३ असले तर? कागदावर बरोबरी, अट पाळली गेली. पण दोन ३.३ जर दोन वेगळ्या रेग्युलेटरमधून आले असतील, एकाने ३.३५ दिले आणि दुसऱ्याने ३.२५, तर झालं ए मोठं. स्किमॅटिकवर दोघांवरही ‘३.३’ असंच लिहिलेलं, त्यामुळे रिव्ह्यूत कुणाच्या बापाला दिसणार नाही. शिवाय या चिपा आपलं म्हणणं ४ किलोओहममधून, दबक्या आवाजात धरून ठेवतात. तारेवर ५० किलोओहमपेक्षा दणकट पुल-अप लावला की त्यांचा गोंधळ उडतो. आय-स्क्वेअर-सीला तर दोन-चार किलोओहमचे पुल-अप असतात. तरीही ‘आपोआप’ या शब्दाला भुलून त्या तिथे बसवल्या जातात. दिशा ठाऊक असेल तर दिशेची पिन असलेली चिप घ्यावी, हे माझं ठाम मत. ‘आपोआप’चा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की विचार करायचं काम आपण चिपेवर ढकललं.

आता हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एक प्रत्यक्षातली गोष्ट सांगतो. इथे मध्यपश्चिमेत भूजलाची पातळी मोजायला विहिरींसारखी भोकं खणून ठेवतात आणि त्यात बॅटरीवरची मोजयंत्रं सोडतात. अशाच एका यंत्राचा बोर्ड एका उपकंत्राटदाराकडून आमच्याकडे रिव्ह्यूला आला होता. (नाव गाव नको.) प्रोसेसर ३.३ वर, कायम जागा. सेन्सर ५ व्होल्टवर, तासातून एकदा उठवायचा, एरवी बॅटरी वाचवायला त्याचा सप्लाय बंद. मधे लेव्हल शिफ्टर म्हणून प्रत्येक तारेला एक मॉसफेट आणि दोन्हीकडे १० किलोओहम. १९९७ च्या फिलिप्सच्या एका अॅप्लिकेशन नोटमुळे घरोघरी गेलेली ही युक्ती. स्वस्त, मस्त, आणि दोन्ही सप्लाय चालू असताना निर्दोष.

पण ५ व्होल्ट बंद केल्यावर काय होतं? मॉसफेटच्या पोटात एक डायोड असतो, तो लहान व्होल्टेजकडून मोठ्याकडे वाट देतो. गेट ३.३ वरच असतं, त्यामुळे मुख्य दारही उघडंच. सेन्सर त्या मेलेल्या ५ व्होल्टला शून्याजवळ धरून ठेवतो. म्हणजे ३.३ कडून १० किलोओहम, मॉसफेट, पुन्हा १० किलोओहम आणि जमीन. प्रत्येक तारेतून १६५ मायक्रोअँपियर वाहणार, यंत्र झोपेत असताना, चोवीस तास. दोन तारांचे ३३०. २,००० मिलिअँपियर-तासांची बॅटरी तेवढ्यानेच सहा हजार तासांत, म्हणजे सव्वाआठ महिन्यांत संपते. यंत्राकडून अपेक्षा पाच वर्षांची होती. शिवाय तार ना धड वर ना धड खाली, १.६५ वर लटकलेली. त्याच बसवर ३.३ चं घड्याळ होतं, त्याच्याशीही बोलणं खुंटणार.

मजा अशी की हीच युक्ती उलट्या बाजूने अगदी सुरक्षित आहे. लहान सप्लाय मेला तर गेट शून्यावर, डायोड उलटा, मोठी बाजू आपली सुखात. म्हणजे कोणतं घर उपाशी ठेवता येईल हे मॉसफेटने आधीच ठरवलेलं आहे. बोर्ड करणाऱ्याने नेमकं दुसरं निवडलं होतं. विचारल्यावर उत्तर आलं, ‘पण हा पाच व्होल्टपर्यंत चालतो.’ चालतो हो. कुणी नाही म्हटलंय?

माझ्या दृष्टीने इथे चूक त्या इंजिनिअरची कमी आणि कामाच्या वाटणीची जास्त. बॅटरी वाचवायला ५ व्होल्ट बंद करायचे हे ठरवलं एकाने, फर्मवेअरवाल्याने, दोन महिन्यांनंतर. लेव्हल शिफ्टर निवडला होता दुसऱ्याने, जेव्हा दोन्ही सप्लाय कायम चालू राहणार होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आणि दर आठ महिन्यांनी दीडदोनशे मैल गाडी हाणत, बर्फात, त्या भोकांची झाकणं उघडून बॅटऱ्या बदलणारा तिसराच कुणीतरी असता. त्याला रिव्ह्यूला कुणी बोलावत नाही.

‘एवढ्या फुटकळ चिपसाठी एवढा काथ्याकूट कशाला?’ असं मला अनेकदा ऐकवलं जातं. त्यातलं थोडं मला मान्यही आहे. ५ व्होल्टच्या बटणाचा सिग्नल ३.३ मध्ये आणायचा तर दोन रेझिस्टर पुरतात, तिथे आठ तारांची चिप बसवणं म्हणजे शेजारी जायला रिक्षा करणं. आणि सगळे सप्लाय एकत्र उठत-झोपत असतील, तर वरच्या निम्म्या तळटीपा लागू होत नाहीत हेही खरं. पण बॅटरीवर चालणारं, स्वतःचे भाग झोपवणारं-उठवणारं काहीही असलं की सप्लाय ही गोष्ट स्थिर राहत नाही. तिथे ‘किती’ इतकंच ‘केव्हा’ महत्त्वाचं, आणि ‘केव्हा’ला डेटाशीटच्या पहिल्या पानावर जागा नाही.

म्हणून मी रिव्ह्यूत एक साधा आग्रह धरतो. ज्या पानावर सप्लायचं झाड काढलेलं असतं त्याच पानावर प्रत्येक दुभाष्याचं नाव लिहायचं आणि त्यापुढे चार ओळी: दोन्ही घरं चालू, फक्त ए चालू, फक्त बी चालू, दोन्ही बंद. प्रत्येक ओळीत तारा कुठे असतील आणि किती करंट वाहील ते लिहायचं. चौथी ओळ नेहमी सोपी असते. मधल्या दोन लिहिताना लोक चुळबुळ करायला लागतात. सप्लाय उठायचा क्रमही तिथेच यावा. मघाच्या एलव्हीसी४२४५ए ला, उदाहरणार्थ, आधी जमीन, मग हुकूम घेणारी ए बाजू लागते, आणि चालू-बंदची पिन पुल-अपने ए ला बांधून ठेवावी लागते, म्हणजे दोन्हीकडे उजाडेपर्यंत ती गप्प राहते. आणि चिपा बनवणाऱ्या कंपन्यांनाही माझं सांगणं आहे. पहिल्या पानावर दोन पल्ले छापता ना, त्यांच्या मधोमध एक चिन्ह छापा. ए लहान, ए बी पेक्षा एक व्होल्टने लहान, किंवा ए-बी चं काही देणंघेणं नाही. एका ओळीची शाई लागेल.

ता. क.: बाजारात मिळणाऱ्या चार तारांच्या छोट्या मॉसफेट बोर्डांबद्दल विचारणा होण्याआधीच सांगून टाकतो. त्यावर बऱ्याचदा बीएसएस१३८ हा मॉसफेट असतो. त्याचा उंबरठा ०.८ ते १.५ व्होल्ट. लहान बाजू ३.३ असेल तर उत्तम. १.८ असेल तर गेटवर १.८, समोरच्याने तार ०.४ पर्यंत ओढली की हातात उरले १.४. ज्या नगाचा उंबरठा १.५ आहे तो दार उघडणार नाही, आणि तुमच्या पाकिटातला नग कोणता हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. आणि ‘एचव्ही’, ‘एलव्ही’ या खुणा बघून जोडा. उलटं जोडलं तर तो पोटातला डायोड ५ व्होल्टची तार सरळ ३.३ च्या तारेत सोडतो.